अकरा डावे कौल

माणूस देवाला काय विचारतो यावरून त्याची जेवढी पारख होते, तेवढी त्याच्या घरी वर्षभर जेवूनही होत नाही. मी गुरव. आमच्या येरळेकाठच्या गावात भैरोबाची पूजा सात पिढ्या आमच्या घराकडे, आणि देवाला कौल लावायचं काम त्यातच आलं. विहिरीला पाणी कुठं लागेल, चुकलेला बैल कुठल्या दिशेला गेला, रुसलेली सून नांदायला कधी येईल, सगळं माझ्या कानावरून देवाकडं जातं. कुणी काय विचारलं, काय लपवलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून तेच पुन्हा दुसऱ्या तोंडानं कसं विचारलं, याची नोंद मी डोक्यात ठेवतो. कागदावर ठेवली असती तर गावातल्या निम्म्या सोयरिकी मोडल्या असत्या.

कौल लावणं अवघड नाही. कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करायच्या, देवाच्या दोन खांद्यांना एकेक चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न गावाचा असेल तर कळ्या गुरवानं लावायच्या, घरचा असेल तर त्या घरच्या कर्त्यानं. आता, देठ ठेवलेली कळी जड असते, ती लवकर सुटते, आणि देठ नखानं खुडलेली कळी दगडाला घट्ट बसते, एवढं कुठल्याही गुरवाला कळतं. मला हे बापानं शिकवलं नाही. तो एकदा फक्त एवढंच म्हणाला होता, "हाताला सवय लागू देऊ नगंस."

सवय लागली नाही. आयुष्यात एकदाच केलं, आणि तेही हंबीररावासाठी.

हवालदार हंबीरराव इटलीतल्या लढाईत मांडीत छर्रे घेऊन, पुण्याच्या इस्पितळात पाच महिने काढून, चव्वेचाळीसच्या दिवाळीला लंगडत घरी आला. पाहतो तर धाकट्या भावाची, नाथाजीची पोर विजयमाला सोप्याच्या कोपऱ्यात बसलेली, आणि तिच्या मानेवर केसांची अंगठ्याएवढी जट. पोरीला चौदावं लागलेलं. तिच्या आईनं, साळूबाईनं, तेल बंद केलेलं, फणी बंद केलेली. जट म्हणजे यल्लम्माची खूण. तिला कात्री लावायची नाही. माघ पौर्णिमेला पोरीला सौंदत्तीच्या डोंगरावर न्यायचं, गळ्यात मोती बांधायचे आणि देवीला सोडायचं. सोडलेल्या पोरीचं लग्न होत नाही. देवीही तिला डोंगरावर ठेवून घेत नाही. पोर परत गावात येते, आणि मग गावातला कुणीतरी वजनदार माणूस तिची 'काळजी' घेतो.

हंबीररावाला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याची थोरली बहीण रंगूबाई अशीच सोडलेली. आईला मुलगा होईना म्हणून पहिली पोर देवीला बोलली होती. पोर सोडली, दोन वर्षांत हंबीरराव झाला. म्हणजे हा गडी जन्मला तोच बहिणीच्या बदल्यात. रंगूबाई आता पंचेचाळिशीची, ओढ्याकाठी आप्पासोंनी बांधून दिलेल्या दोन खणांत राहायची. आप्पासो म्हणजे गावातला सर्वांत मोठा उसाचा मळा, गावकमिटीतला पहिला शब्द आणि कपाळावरचं रोजचं अष्टगंध.

त्या सालात भूमिगतांच्या धाकानं सरकारी शिपाई आमच्याकडं फिरकायला भ्यायचा, चालायचा तो कमिटीचा हुकूम. पोर देवाला सोडणं गुन्हा आहे असा मुंबई सरकारचा कायदा दहा वर्षांपूर्वीच झाला होता. तो आमच्या गावाकडं पायी निघाला असावा. अजून पोहोचला नव्हता. म्हणून हंबीरराव कमिटीपुढं उभा राहिला.

"पोरीची जट मी कापणार हाय," तो म्हणाला. "पर एकट्यानं कापून भागायचं न्हाई. गावानं ठरवाय पायजे. हितनं फुडं एक बी पोर डोंगरावर जायची न्हाई."

"हवालदार, ही बायकांची कामं," मागून कुणीतरी बोललं. "जट बगतात बायका, मोती बांधतात बायका. बाप्यांनी कशाला त्यात पडायचं?"

"व्हय, बांधतात बायका. आन डोंगरावरनं आल्याली पोर ठेवून कोण घेतं रं? बायकाच का?"

चावडीत पन्नासभर माणूस. बहुतेकांना एकदम आपापल्या पायाचा अंगठा बघण्यासारखा वाटला. काहींनी आप्पासोंच्या नव्या वहाणा निरखल्या.

आप्पासो मात्र हलले नाहीत. "हंबीरराव, तुजं म्हणणं मला लय पटलं. लाखातलं बोललास. पर देवाच्या कामात माणसानं निकाल देऊ ने. भैरोबाला इचारू. त्येनं हुकूम दिला तर माजी पैली शपत."

सगळ्यांच्या माना हलल्या. देवावर टाकलं की माणूस किती हलका होतो, ते पाहायचं तर चावडीत यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात कुणी नसताना हंबीरराव आला. पाय लांब करून खांबाला टेकला.

"नाना, कौल उजवा पडाय पायजे."

"मग देवाला सांग की."

"देवाला न्हाई, तुला सांगतुय."

"पलटणीत ह्येच शिकवलं व्हय रं तुला?"

"पलटणीत येकच शिकलो, गड्या. एकदा पाऊल उचललं की गडी मागं वळून बगत न्हाई. गावाचं पयलं पाऊल तेवडं उचलून दे. फुडं चालतंय."

"आन उद्या कुणी डावा पाडला तर?"

"कळ्या लावणार तू. डावा कोण पाडतुय?"

मलाही तेच वाटलं, हे कबूल करतो. शिवाय माझ्या हयातीत गावातून डोंगरावर गेलेल्या पोरी नऊ. त्यांतली एक माझ्या बरोबरीची होती, आम्ही दोघं येरळेच्या वाळूत झरे खणायचो. तिचं नाव इथं लिहीत नाही.

मार्गशीर्षातल्या रविवारी कौल लावला. उजव्या कळीचा देठ ठेवला, डाव्या कळीचा खुडला. मोठ्यानं विचारलं, "भैरोबा, पोरी सोडायची रीत बंद करावी का?" पुढच्या माणसाची तंबाखू मळून व्हायच्या आत उजवी कळी पायरीवर. देवळात असा गलका उठला की कबुतरं उडाली. चार माणसांनी हंबीररावाला उचललं, त्याच्या दुखऱ्या पायाचा विचार न करता.

तेवढ्यात बाहेरून, पिंपळाच्या पाराजवळून रंगूबाईचा आवाज आला. "आवं आप्पासो, जट कापली, पोर सोडली न्हाई. बेस झालं. मग तिला करून घेणार कोण? जट आल्याल्या पोरीला कुणाच्या घरात उंबरा हाय, ते बी ठरवा की!"

गलका जरा बसला. पण उजव्या कौलाची धुंदी अजून होती, आणि हंबीररावानं ती वाया जाऊ दिली नाही. तिथल्या तिथं तेहतीस कर्त्या माणसांनी भंडारा उचलून शपथ घेतली. पोर सोडणार नाही. सोडलेली ठेवणार नाही. जट कापलेली पोर सून म्हणून आली तर नाकारणार नाही. पहिला हात, शब्दाप्रमाणे, आप्पासोंचा.

न्हाव्यानं कात्री लावायला नकार दिला, म्हणून हंबीररावानं स्वतःच्या पलटणीतल्या कात्रीनं जट कापली. विजयमाला मान खाली घालून बसली होती. कापून झाल्यावर तिनं मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हलकं झालं." साळूबाई आत तोंडाला पदर लावून रडत होती, देवीच्या भीतीनं की आनंदानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शपथ अक्षराबरहुकूम पाळणारा पहिला माणूसही आप्पासोच. 'सोडलेली ठेवणार नाही' असं बोलले होते ना? दुसऱ्याच दिवसापासून रंगूबाईकडं जाणारी जोंधळ्याची पाटी बंद झाली. पंचवीस वर्षांनी. तिनं विचारायला माणूस धाडला तर निरोप आला, "भैरोबाचा हुकूम हाय, माजा इलाज न्हाई." सुधारणेचा पहिला फटका कुणाला बसला, तर जिच्याकडं बघून सुधारणा निघाली तिला. रंगूबाई दुसऱ्यांच्या उसात पाचट काढायला जाऊ लागली.

माघ पौर्णिमा आली आणि गेली. त्या वर्षी गावातून डोंगरावर पोर गेली नाही. हंबीरराव मिशीला पीळ देत हिंडत होता. होळी झाली तसे तो आणि नाथाजी पोरीसाठी स्थळ बघायला निघाले. फार लांब जायचं नव्हतं. शपथ घेतलेल्या घरांपैकी अकरा घरांत लग्नाची पोरं होती. पहिलं घर आप्पासोंचं. त्यांचा लालासाहेब वीस वर्षांचा, तालमीत अंग कमावलेला, बापासमोर मात्र मांजर.

आप्पासोंनी गुळाचा चहा पाजला. "माजी ना न्हाई. शपत म्हंजे शपत. पर घरात नवं माणूस आणायचं, आन भैरोबाला न इचारता? त्या दिशी गावानं इचारलं, आता घर इचारंल. रीतच हाय न्हवं?"

रीत होतीच. सोमवारी आप्पासो लालासाहेबाला घेऊन आले. घरचा प्रश्न, तेव्हा कळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं लावल्या. मी बाजूला उभा. डाव्या कळीला बोटाच्या पेराएवढा देठ होता. उजवीचा साफ खुडलेला.

डावी पडली.

"काय करायचं आता?" आप्पासो हंबीररावाकडं वळून म्हणाले. "मनात लय व्हतं, पर त्येच्या मनात न्हाई." लालासाहेब जमिनीवरच्या फरशीच्या भेगा मोजत होता. हंबीरराव बाहेर गेल्यावर आप्पासोंनी पडलेली कळी उचलली, देठ दोन बोटांत फिरवला आणि हळूच मला म्हणाले, "गुरवा, त्या दिशी उजवीला व्हता न्हवं? मी बगितलं. तवा मी काय बोललो का? मग तू बी बोलू नगंस."

त्यांनी पाहिलं होतं! पाहून गप्प बसले, कारण उजव्या कौलानं त्या दिवशी त्यांचं काही जात नव्हतं. आणि आता माझं तोंड त्यांनी माझ्याच कळीनं बंद केलं. डावा खोटा म्हणावं तर उजवाही खोटा ठरतो, आणि उजवा खोटा ठरला तर पोर उद्या डोंगरावर.

मग उरलेली दहा घरं आली, एकामागून एक, ज्येष्ठापर्यंत. देठाची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आप्पासोंनीही सांगितली नसावी, असली विद्या हुशार माणूस वाटत सुटत नाही. पण गरज पडली की गाव आपोआप शिकतं. कुणी डाव्या कळीला देठ ठेवला, कुणी देठासकट पानही. एका शहाण्यानं घाईत दोन्हींना देठ ठेवले आणि उजवी पडली. तर म्हणाला, "वारं आलं व्हतं. फिरून लावतो." फिरून लावला. डावा पडला. जाताना मला म्हणाला, "नाना, देवाच्या फुडं कुणाचं काय चालतंय?"

अकरा घरं, अकरा डावे. बाहेरगावची स्थळंही कानावर घेईनात. ज्या पोरीला तिच्याच गावचा देव अकरा वेळा नाही म्हणाला, तिला परक्यानं का करून घ्यावं?

त्यानंतर गावात जे जे बिनसलं त्याला विजयमालाची मान कारण झाली. कुणाची म्हैस गाभडली. कुणाच्या विहिरीत मोट तुटून पडली. बायका पाणवठ्यावर साळूबाईला म्हणायला लागल्या, "देवीचं देणं घरात दडवून ठेवलंस बाई." विजयमालानं आधी पाण्याला जाणं सोडलं, मग देवळात, मग अंगणात. हंबीररावाची मिशी उतरली. शेवटी पुढच्या पौषात नाथाजीनं भावाला सांगितलं, "दादा, मी येत्या माघी पुनवंला पोर डोंगरावर नेतो. हितं ती कुणाचीच न्हाई. तितं निदान देवीची तरी हुईल."

त्याच दिवशी हंबीरराव माझ्याकडं आला. "उद्या गाव जमवतोय. पयला कौल आपुन पाडला, ह्ये सांगून टाकणार. कौल हातानं पडतुय ह्ये कळलं की डाव्यांची बी किंमत कळंल."

"माजी पूजा जाईल, हवालदार. सात पिढ्यांची."

"जाऊ दे."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्र काढली.

सगळं गाव देवळात जमलं. साळूबाई पोरीला घेऊन दाराशी. हंबीररावानं कवायतीत सांगावं तसं सांगितलं: देठ, नख, उजवी, डावी, त्याचं नाव, माझं नाव. मी खांबाला धरून उभा होतो. आता चप्पल येते की दगड, एवढंच बघायचं होतं.

काही आलं नाही. माणसांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो, तर तिथं शिळेवर झोपलेल्या माणसाला गादी मिळाल्यासारखं सुख पसरत चाललेलं.

"म्हंजी," आप्पासो सावकाश म्हणाले, "शपत घेतली ती खोट्या कौलावर. मग ती लागू कशी हुईल?"

"न्हाईच व्हायची!" पाचसात तोंडं एकदम. कुणीतरी हसलं सुद्धा.

"आन तुमचं अकरा?" हंबीरराव ओरडला. "त्ये कुनी पाडलं?"

"आमचं आमी इचारलं. घरच्या हातानं, रीतीनं. तू गावाला फशिवलंस, आमी कुणाला फशिवलं?"

माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. पूजा काढून घ्या असं एकही माणूस बोलला नाही. उजवा किंवा डावा पाडू शकणारा गुरव कुठल्या गावाला नको असतो?

नाथाजी पुढं आला. डोळे लाल. "मग आता खरा लाव, नाना. सगळ्यांच्या देखत. पोर नेऊ का नको, एकदा खरं कळू दे."

मी हात वर करून दोन्ही देठ खुडले, सगळ्यांना दाखवले, कळ्या लावल्या. बापाच्या वेळी लावायचो तशा. आणि सगळे बसले.

कळ्या पडेनात. ऊन पायरीवरून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं. दोघं उसाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात फिरवायला म्हणून उठून गेले. आप्पासोंनी दोनदा जांभई दिली. विजयमाला आईच्या खांद्याआडून त्या दोन कळ्यांकडं बघत होती, डोळा न मिटता.

आणि गर्दीतून वाट काढत रंगूबाई आली. हातापायांना पाचटाचे ओरखडे. थेट गाभाऱ्यात शिरली. बाईमाणसानं तिथं जायचं नाही, पण देवीच्या बाईला अडवायचं कुणी? तिनं देवाच्या दोन्ही खांद्यांवरच्या कळ्या उचलल्या आणि मुठीत चुरल्या.

"आगं ये! काय केलंस?" नाथाजी किंचाळला.

"त्येला काय इचारता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला देवीनं एक दिस ठेवलं न्हाई. ठेवलं आप्पासोंनी. आन हाकललं ते बी आप्पासोंनी. देवीला ह्यातलं काय बी ठावं न्हाई." मग पोरीपाशी गेली. "चल गं." आणि भावाकडं न बघता, "हंबीर, ऊठ. तुज्यापायी येक गेली, तेवडं बास."

नाथाजीनं अडवलं नाही. सोबतही गेला नाही. साळूबाईनं पोरीच्या हातात स्वतःच्या खांद्यावर पांघरलेलं जुनेर दिलं. तिघं कडेगावच्या वाटेला लागली, हंबीरराव सगळ्यांत मागं, पाय ओढत. तेहतीस शपथांपैकी पाळली गेली ती एक, हंबीररावाची, आणि ती गावाबाहेर पडली. त्या माघात डोंगरावर कुणाला न्यायचं धाडस झालं नाही. पुढच्या माघात दोन गाड्या गेल्या, दोन पोरी. कौल गावानं मला लावायला सांगितले होते. मी देठ दोन्ही कळ्यांचे खुडले, एवढंच माझं पुण्य.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात देवाच्या भंडाऱ्यासाठी हळद आणायला सांगलीला गेलो. हळदीच्या एका वखारीत दारावर पहारेकरी म्हणून हंबीरराव. आत बायकांच्या रांगेत रंगूबाई आणि विजयमाला हळकुंडं निवडत होत्या. पोर पंधरा सरून सोळाव्यात, पाठीवर सरळ वेणी, कोपरापर्यंत पिवळी.

मी गावची हकिकत सांगितली. कुणाचं लग्न कुठं झालं, लालासाहेबाला साताऱ्याकडची बायको मिळाली, कोणत्या घरात अजून पोरगा बसून आहे. कुणी कुठल्या कळीला किती देठ ठेवला होता, तेही एकेक नाव घेऊन सांगितलं. हंबीरराव ऐकत होता. रंगूबाईचे हात थांबले नाहीत.

"अकरा घरं झाली व्हय?" ती म्हणाली.

"अकराच. मोजून."

"आन बारावं? तुज्या घरात बी पोरगा हाय की रं. इसाचा असंल. त्येचा कौल कवा लावलास?"

"मी कुटं शपत घेतली व्हती? माज्या हातात भंडाऱ्याचं ताट व्हतं."

"व्हय व्हय. ताट व्हतं."

"आन आमी गुरव, तुमी मराठं. जातीत बसाय पायजे न्हवं, रंगूबाई..."

ती हसली. वखारीतल्या चार बायकांनी वळून पाहिलं. "वड्याकाठच्या माज्या दारात येताना जात कुणी इचारली न्हाई, नाना. तितं लय जाती यायच्या."

विजयमालानं हळकुंडावरची नजर काढली नाही. "आत्ती, जाऊ दे त्येस्नी. मोटार चुकंल त्येंची."

मोटार सुटायला अजून दोन तास होते. मी उठलो.